बिनउन्हाचा उजेड

बाणेर
रविवार, ४ मार्च २००७

प्रिय सुनीती,

टपालानं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. बाणेरहून बुधवार पेठेत पत्र टाकणारा मी एकटाच असणार. पोस्टातल्या माणसानं पत्ता वाचला आणि म्हणाला, "आजोबा, बसनं गेलात तर आजच पोचाल." मी म्हटलं, "तुम्ही शिक्का मारा."

फोनवर मला जमत नाही. दत्तप्रसाद रिसीव्हर तुझ्या हातात देतो आणि तिथंच कोणाचा तरी रेडिओ उघडून बसतो. भाऊ तुझा, दुकान त्याचं, त्यानं कुठं बसावं हे मी सांगणार नाही. पण मेव्हण्याच्या देखत बायकोशी काय बोलणार? मग मी आजचं तापमान सांगतो. गेल्या वेळी तू म्हणालीस, "अहो, ते पेपरात येतं," आणि फोन ठेवलास. मला दिवसभर वाईट वाटलं. तापमान सांगायला मी फोन केला नव्हता.

दिवाळीआधी आठ दिवस म्हणून गेलीस. आज खाली पोरं रंग खेळतायत. तू का गेलीस ते मला कळतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन अंगावर घ्यायचं नाही, काचेतून आलेलंसुद्धा नाही. आणि तनयानं न्यू जर्सीत बसून आपल्यासाठी हौसेनं पसंत केलेल्या घराची पश्चिमेची आख्खी भिंत काचेची. दुपारी तीनपासून ऊन सोफ्यावर बसायचं आणि आपण दोघं उभे. मग काळे पडदे लावले. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत शेजारच्या भिंतीकडे बघत आपण संसार केला, आणि सातव्या मजल्यावर येऊन पुन्हा अंधारच. शेवटी तू म्हणालीस, अंधारातच राहायचं तर माझ्या भावाच्या घरात आयता आहे. यावर मला उत्तर सुचलं नव्हतं.

आता सुचलं आहे. काचेला लावायची एक फिल्म मिळते. पारदर्शक. लावली आहे की नाही ते कळतसुद्धा नाही, पण उन्हातलं जे तुला बाधतं ते ती आत येऊ देत नाही, आणि उष्णताही बरीचशी बाहेर ठेवते. तनया फोनवर म्हणाली, "बाबा, आमच्या हिंजवडीच्या ऑफिसला सगळीकडे तीच होती. नाहीतर त्या काचेच्या डब्यात आमचं लोणचं झालं असतं." तिनं हे आधी का सांगितलं नाही असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. मुलगी तुझ्यावर गेली आहे.

पुढच्या आठवड्यात माणूस येतोय. माझं जेवण व्यवस्थित चालू आहे. शकू पोळ्या करून जाते, भाजी मी करतो. काल वांग्याची केली, चांगली झाली होती.

आणि हो, लिफ्टला घाबरून सात मजले चढायची तुझी सवय आता सुटली असेल. दत्तप्रसादकडे एकच जिना आहे. परत येशील तेव्हा मी लिफ्टमध्ये तुझा हात धरीन.

तुझा,
बाळ

ता. क. : शब्दकोड्यांची कात्रणं सोबत ठेवली आहेत. जिथं मी पेननं उत्तरं लिहिली आहेत ती चुकीची असण्याची शक्यता आहे.

बाणेर
सोमवार, १२ मार्च २००७

प्रिय सुनीती,

फिल्म लागली. तुझं उत्तर नाही, पण मी तुला विचारून लिहीत नव्हतो, त्यामुळे पुढचं सांगतो.

सुखदेव नावाचा माणूस आला होता. मूळचा वाशिमचा, आता कात्रजला राहतो. आधी मोटारींच्या काचा काळ्या करायचा, आता बंगल्यांच्या आणि फ्लॅटच्या करतो. आल्याआल्या त्यानं आपली भिंत खालपासून वरपर्यंत बघितली आणि म्हणाला, "काकाजी, आमच्या वाशिमले एवढी काच लावाची कोणाची हिंमत नाही. तुम्ही पुन्याचे लोक काऊन लावता? आन् मंग मले बोलावता." मी म्हटलं, "तुमचा धंदा चालावा म्हणून." तो खूप हसला.

त्यानं काचेवर साबणाचं पाणी मारलं, फिल्म अंथरली आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत गेला. मी चष्मा पुसून जवळ गेलो, लांब गेलो, तिरका उभा राहून पाहिलं. काही दिसेना. मी म्हटलं, "लावली का?" सुखदेव म्हणाला, "लावली ना. दिसून राह्यली असती तं समजा बिघडली." मला हे आवडलं.

यात सोसायटीनं सहभाग घेतला नसता तर नवल. सुखदेवनं वॉचमनच्या वहीत "७०२, फिल्मचं काम" असं लिहिलं. अर्ध्या तासात सेक्रेटरी बद्रीनाथ वर. म्हणाले, शूटिंगला जनरल बॉडीची परवानगी लागते. त्यांच्या मागं पाचव्या मजल्यावरच्या दोन बायका नीट तयार होऊन आल्या होत्या. नट कोण आहे ते त्यांना बघायचं होतं. मी सुखदेव दाखवला. शेवटी दारावर पाटी लावली: "येथे सिनेमा नाही. काच आहे. बेल वाजवून खात्री करू नये." माणूस बाणेरला राहायला आला तरी नारायण पेठ सुटत नाही.

ते सगळे गेल्यावर मी काळे पडदे काढले. इतक्या महिन्यांनी हॉलमध्ये उजेड आला. टेकडी दिसली, तुझी खुर्ची दिसली, खुर्चीवरची धूळ दिसली. मी चार वाजता काचेशी पाठ लावून बसलो. पूर्वी तिथं पाठ भाजायची. आज उजेड होता आणि ऊन नव्हतं, म्हणजे दिसत होतं पण लागत नव्हतं. वेधशाळेत मी जन्मभर ऊन मोजलं, असलं ऊन मी पाहिलं नव्हतं. तू हवी होतीस.

तुझा,
बाळ

बाणेर
रविवार, २५ मार्च २००७

प्रिय सुनीती,

उत्तर नाही म्हणजे तुझा विश्वास बसलेला नाही. तुझं म्हणणं मला इथं बसून ऐकू येतं. जे दिसत नाही ते आहे कशावरून? रास्त प्रश्न आहे. तू भाजीवाल्याचा काटासुद्धा रिकामा तपासतेस.

तर आता पुरावा मिळाला आहे. सहाव्या मजल्यावरच्या कौशल्याबाई, तुला जिन्यात भेटायच्या त्या, मंगळवारी वर आल्या. त्यांनी कुरडया घातल्या होत्या आणि गच्चीला कुलूप. गच्चीवर वाळवण घातलं तर इमारतीची शोभा जाते असा बद्रीनाथांचा ठराव आहे. "भाऊ, तुमच्या हॉलात दुपारपासून ऊन असतं, तिथं घालू का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घाला.

खोटं कशाला बोलू, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण बोललो नाही.

पांढरं धोतर अंथरून त्यांनी काचेला लागून कुरडया मांडल्या. ऊन असं पडलं होतं की डोळे दिपावेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या येऊन बघून गेल्या, कुरडया ओल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या केल्या, तरी मऊच. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये आंबट वास यायला लागला आणि कौशल्याबाई म्हणाल्या, "अहो, तुमचं ऊन खराब आहे." मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा विचारला. त्या न घेताच गेल्या.

सुनीती, एवढ्या उन्हात कुरडई वाळत नाही, याहून मोठं प्रमाणपत्र मला कोण देणार? तू डोळे झाकून ये.

पाडव्याला गुढी उभारली. कपाटात तुझी जांभळी इरकल वरच होती, ती लावली. सातव्या मजल्यावर छान फडफडत होती. खालून येणारे-जाणारे बघत होते. मला मात्र गुढीपेक्षा ती साडीच जास्त दिसत होती.

तुझा,
बाळ

बुधवार पेठ
२९ मार्च
(पोस्टकार्ड)

अहो,

कुरडया वाऱ्यानं वाळतात. काचा बंद ठेवल्यावर वारा कुठून येणार? नारायण पेठेत ऊन होतं का? पंख्याखाली वाळवायचो आपण. वेधशाळेत जन्म काढलात आणि हे माहीत नाही. यावरून फिल्मचं काहीही सिद्ध होत नाही.

त्यांचे गहू तीन दिवस भिजत घातलेले असणार. ते सगळे कष्ट फुकट गेले आणि तुम्ही चहा विचारलात. माझ्याकडच्या गेल्या वर्षीच्या कुरडया त्यांना द्या. वरची फळी, डावीकडे, डब्यावर "हळद" लिहिलंय तो.

इरकल मशीनमध्ये टाकू नका.

सुनीती

बाणेर
गुरुवार, ५ एप्रिल २००७

प्रिय सुनीती,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं देताना "कुरडया दिल्या का?" असं विचारलं, म्हणजे वाचलं असणार.

दिल्या. कौशल्याबाईंनी त्या तळल्या आणि अर्ध्या मलाच आणून दिल्या. तू लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. वाऱ्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "वहिनींना कळतं. त्यांना लवकर आणा." असं त्या म्हणाल्या, मी सुचवलं नव्हतं.

वाऱ्याबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर आहे. मी शरमलो, पण त्याहून जास्त आनंद झाला. पाच महिन्यांत तू मला पहिल्यांदा रागावलीस. फोनवर तू हल्ली नुसतं "बरं" म्हणतेस, ते मला अजिबात सोसत नाही.

आता रीतसर प्रयोग लावला आहे. वेधशाळेत आमच्याकडे काचेचा भरीव गोळा होता, तुला एकदा दाखवला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तू हिरवी साडी नेसून आली होतीस. त्या गोळ्यामागं कागदाची पट्टी लावायची. ऊन पडलं की पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते, ढग आला की रेघ तुटते. रोज मावळल्यावर पट्टी बदलायची, हे माझं काम. तेव्हा तू म्हणाली होतीस, "सरकार तुम्हाला ऊन पडलं का हे बघायचा पगार देतं?" माझ्या साहेबांच्या देखत.

तर ऊन कागदावर खूण ठेवतं, यावर माझा जुना विश्वास आहे. माळ्यावर गणपतीच्या मखराचा घोटीव कागद उरला होता, तो लाल. त्याचे एकाच चौकोनातून दोन तुकडे केले. एक हॉलच्या काचेला आतून लावला, तिथं फिल्म आहे. दुसरा बेडरूमच्या खिडकीला. ती त्याच भिंतीत आहे, ऊन तेच, आणि तिथं अजून फिल्म लावलेली नाही. सुखदेव ती लावायला येणार होता, त्याला थांबवलं. तो म्हणाला, "काकाजी, काऊन आता?" मी म्हटलं, "बायकोला दाखवायचंय." तो म्हणाला, "मंग थांबतो."

एप्रिलचं ऊन आहे. फार दिवस लागणार नाहीत.

भाजीचं मागं जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं. वांगी जळली होती. शकूच्या पोळ्यांबरोबर मी लोणचं खातो.

तुझा,
बाळ

बाणेर
गुरुवार, २६ एप्रिल २००७

प्रिय सुनीती,

दोन्ही तुकडे सोबत पाठवतोय. मागं पेन्सिलीनं "फिल्म" आणि "बिनफिल्म" लिहिलं आहे, पण वाचायची गरज पडणार नाही. बिनफिल्मवाला मूळचा लाल होता हे सांगावं लागतं, जुन्या लग्नपत्रिकेसारखा झाला आहे. दुसराही अगदी होता तसा नाही, किंचित उतरला आहे. उजेडानंही रंग थोडा जातोच, ते मी लपवत नाही. पण फरक बघ. तुझ्या गालाला जे लागत होतं ते त्या बेडरूमच्या काचेतून येत होतं, हॉलच्या काचेतून येत नाही. आता बेडरूमलाही लावून घेतो.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, फिल्म चालेल, मलम चालू ठेवा, बाहेर पडताना छत्री आणि पूर्ण बाह्या. काचेपाशी बसू देत का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, बसू देत.

परवा दत्तप्रसाद येऊन गेला. त्यानं तुला सांगितलं नसेल. घर बघितलं, काचेवर टिचक्या मारल्या, फिल्म नखानं काढून बघायचा प्रयत्न केला. मग जाताना चपला घालता घालता म्हणाला, "भाऊजी, ताई ट्यूबसुद्धा लावू देत नाही. आमच्या हिनं, नंदानं, लावली की उठून बंद करते. पेपर दाराच्या फटीपाशी धरून वाचते." मला हे कळलं नाही. डॉक्टरांनी ट्यूबचं काही सांगितलं होतं का? मला तर आठवत नाही. ऊन नको हे समजतं, पण तू उजेडही का बंद करतेस? तुला काही जास्त होतंय का, आणि मला सांगत नाहीस?

सुनीती, मी आता स्पष्ट लिहितो. मला तुझ्यावाचून करमत नाही. चार वाजता हॉलमध्ये उजेड इतका सुंदर येतो आणि तो बघायला मी एकटा. समोर रिकामी खुर्ची. मी तिच्यावरची धूळ रोज पुसतो. काच झाली, कागद झाला, डॉक्टर झाले. आणखी काय करू ते सांग, मी करीन. तू ये.

तुझा,
बाळ

बुधवार पेठ
३० एप्रिल २००७
(बंद पाकीट)

अहो,

कागद पोचले. जिन्यात जाऊन पाहिले, कारण खोलीत रंग कळत नव्हता. तुमचं बरोबर आहे. फिल्म काम करते. माझी त्याबद्दल काही शंका उरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर फारशी कधी नव्हती.

मी आले ती उन्हामुळे आले. परत येत नाही ते उन्हामुळे नाही.

काळे पडदे होते तेव्हा तुम्हाला त्रास व्हायचा. तुम्ही टीपॉयवर आपटायचात, बद्रीनाथांच्या नावानं बडबडायचात. मला मात्र बरं वाटायचं. माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता. तुम्हालाही नाही.

लिफ्टला मी कधीच घाबरले नाही. लिफ्टमध्ये आरसा आहे. खालपासून वरपर्यंत, आणि डोक्यावर दोन ट्यूब. नारायण पेठेत बेसिनवरचा आरसा होता, तोही पारा उडालेला, कुंकू लावण्यापुरता. त्या लिफ्टमध्ये मी स्वतःला पहिल्यांदा धड पाहिलं. दोन्ही गालांवर आणि नाकावर ते काळे-तांबडे डाग. एकदा खालच्या मजल्यावरची लहान मुलगी आईबरोबर आत आली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला भाजलं का?" तिच्या आईनं तिला गप्प केलं, ते मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी जिन्यानं गेले.

बाहेर मी गाडीवरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ बांधते. तुळशीबागेत कोणी ओळखत नाही. घरात काय बांधणार?

मुलीचं, शेजाऱ्यांचं सोडा. सकाळी चहा देताना तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि लगेच खिडकीकडे बघायचात. रोज. मग हवामान सांगायचात. तुम्ही वाईट नाही, एक शब्द तुम्ही बोलला नाहीत. पण रोज सकाळी ती नजर वळलेली बघायची, आणि आता तर घरात लख्ख उजेड. तुमची फिल्म ऊन अडवते, उजेड अडवत नाही. उलट त्याच्यासाठीच तर ती लावतात.

तुम्ही इतकं सगळं माझ्यासाठी केलंत, म्हणून आता खोटं लिहिता येत नाही. मला ऊन सोसत नाही हे सगळ्यांना सांगता येतं. उजेड सोसत नाही हे कोणाला सांगणार?

रागावू नका. चार वाजताच्या उजेडाचं वाचून मला रडू आलं.

सुनीती

बाणेर
शुक्रवार, ४ मे २००७

प्रिय सुनीती,

पाकीट दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. काल शकूनं विचारलं, "काका, बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे, आणि ती गेल्यावर मीही रडलो. आता लिहितो. नीट जमलं नाही तर समजून घे.

मी नजर वळवायचो हे खरं आहे. पण तू वाचलंस ते उलटं आहे. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, कधी कधी हा आतही जातो, मूत्रपिंडापर्यंत, डागांवर लक्ष ठेवा. तू तेव्हा बाहेर बाकावर होतीस. तुला सांगितलं असतं तर तुझी झोप गेली असती, म्हणून मी एकट्यानंच भ्यायचं ठरवलं. मग रोज सकाळी चहा घेताना मी तुझ्या गालांकडे बघायचो, वेधशाळेतल्या पट्टीकडे बघावं तसं. काल होता तेवढाच आहे, की वाढला? वाढलेला वाटला की तुला माझ्या तोंडावरून काही कळू नये म्हणून मी खिडकीकडे बघायचो. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तापमान. मला दुसरं येतं काय?

तुझी लघवी आणि रक्त तपासलं ते त्यासाठीच. सगळं चांगलं आलं होतं, आताही डॉक्टर तेच म्हणाले. त्यामुळे आता मला भ्यायचं कारण नाही, आणि खिडकीकडे बघायचंही नाही.

तुझा चेहरा मला कुरूप दिसतो का, असं तू सरळ विचारलेलं नाहीस, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. उत्तर: नाही. डाग दिसतात. ते नाहीत असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तू मला घरात घेणार नाहीस. पण डाग बघून तुझ्यापासून नजर काढावी असं मला कधी वाटलं नाही. मला तुझ्याकडे बघायची सवय आहे, सुनीती. ती आता या वयात कुठं सोडू?

लिफ्टमधला आरसा काढा असं मी सोसायटीच्या बैठकीत मांडलं. कारण सांगितलं नाही, वजन कमी होईल असं म्हटलं. नामंजूर. तरुण मुली तिथं स्कार्फ बांधतात म्हणे. सुखदेवला विचारलं, आरशावर दुधी फिल्म लावता येईल का. तो म्हणाला, "लावतो, काकाजी, पन मंग तुमचे बद्रीनाथ मलेच लावतील." तेव्हा आरसा राहणार. तिथं माझं काही चाललं नाही.

पण घरात माझं चालतं. म्हणून एक सुचवतो, हसू नकोस. तू ये, आणि मी घरात चष्मा काढून ठेवतो. माझा नंबर तुला माहीत आहे. चष्म्याशिवाय समोर फ्रीज आहे की माणूस एवढंच कळतं, आणि तेही फ्रीज आवाज करतो म्हणून. चष्मा तुझ्या कपाटात ठेव, किल्ली तुझ्याकडे. पेपर वाचताना मागून घेईन, वाचून झाला की परत देईन. तुला हॉलमध्ये हवा तेवढा उजेड. तू कोडी सोडव, टेकडी बघ. तू तिथं आहेस हे मला बांगड्यांवरून कळेल, तेवढं मला पुरेल. ज्या दिवशी तुला वाटेल, त्या दिवशी चष्मा दे. नाही वाटलं तर नको देऊस.

मी मनापासून लिहितोय. आजच सराव केला. दुधाच्या पातेल्यात चहाऐवजी मोहरी पडली, पण सवयीनं जमेल.

तुझा,
बाळ

बुधवार पेठ
८ मे
(पोस्टकार्ड)

अहो,

चष्मा काढायचा नाही. घर पेटवाल.

डॉक्टरांचं ते मला तेव्हाच सांगायचं होतं. एकट्यानं भ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आल्यावर बोलू.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत रिक्षानं येते. दत्तप्रसाद सोडायला येतोय, त्याला वर चहाला बोलवा, पण तुम्ही करू नका. इरकल काढून ठेवा. कोडी रद्दीत घातली असतील तर परत आणा.

जिन्यानं येणार नाही, गुडघे दुखतात. खाली घ्यायला या. लिफ्टमध्ये मी आणि आरसा यांच्या मध्ये उभे राहा. माझ्याकडे तोंड करून. चष्मा घालून.

पोस्टमननं वाचलं तरी हरकत नाही.

सुनीती